गोळ्या खाऊनही एचबी वाढेना: माळकरी घरातल्या एका गरोदरपणाची केस

केस २६ आठवड्यांच्या गरोदर बाईची आहे. वय २४, दुसरी खेप, पहिला मुलगा २० महिन्यांचा, वजन ४८ किलो. घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यात, थोडा ऊस, दोन जर्सी गाई, सासरे दरवर्षी वारीला जाणारे आणि अख्खं घर माळकरी, म्हणजे मटण-मासे तर सोडाच पण अंड्याचा केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. नाव-गाव लिहीत नाही, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदललेत. मी तालुक्याच्या ठिकाणी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे त्यामुळे ही केस मला आधी रिपोर्टातून कळली आणि मग हळूहळू बाईकडून, तिच्या सासूकडून आणि आशाताईंकडून. तिघींची गोष्ट सुरुवातीला एकमेकींशी अजिबात जुळत नव्हती.

आधी काय झालं होतं ते. तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात नाव नोंदवलं, कार्ड मिळालं, तिथल्या छोट्या मीटरवर बोट टोचून एचबी म्हणजे हिमोग्लोबिन काढलं ते १०.१. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र, त्यामुळे १०.१ म्हणजे सौम्य, काही घाबरण्यासारखं नाही. पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, उलट्या थांबल्यावर चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या चालू झाल्या. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, निरोगी बाईला रोज एक आणि एचबी कमी असेल तर दिवसाला दोन. हिला दोन सांगितल्या. सोबत कॅल्शियम पण दोन वेळा. जंताची गोळी पण दिली होती.

२० आठवड्यांना एचबी ९.४. २५ आठवड्यांना ८.६.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे की गरोदरपणात एचबी थोडं उतरणं नॉर्मलच असतं. शरीरात रक्तातला पाण्याचा भाग जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि लाल पेशी तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, मग रक्त पातळ होतं आणि आकडा खाली दिसतो. पण पॉईंट अर्ध्या पॉईंटचा फरक वेगळा आणि दोन गोळ्या रोज चालू असताना दीड पॉईंट खाली येणं वेगळं.

यावर सगळ्यांचं एकच उत्तर, ती गोळ्या खातच नाही. सासूबाईंना वाटायचं टाकून देते, नवऱ्याला पण तेच वाटायला लागलं. उपकेंद्रात एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की तुम्ही लोक गोळ्या उकिरड्यावर टाकता आणि मग आमचे रिपोर्ट खराब दिसतात. बाईला ते चांगलंच लागलं. खरं सांगायचं तर हा संशय अगदी हवेतला नसतो, बऱ्याच बायका खरंच टाकतात कारण मळमळतं, शौचाला काळं आणि घट्ट होतं, आणि वरून कोणीतरी सांगितलेलं असतं की या गोळ्यांनी बाळ काळं होतं नाहीतर एवढं मोठं होतं की सिझर करावं लागतं. दोन्हीला काही अर्थ नाही. पण इथं आशाताईंनी रिकाम्या पाकिटांचा हिशोब ठेवला होता आणि त्या ठामपणे म्हणत होत्या की ही पोरगी गोळ्या खाते, मी स्वतः बघितलंय. शौचाला काळं होतं का विचारलं तर हो म्हणाली, तोही एक पुरावाच की लोह पोटात जातंय. म्हणजे गोळी खाण्यात खोट नव्हती, पुढे कुठंतरी अडत होतं.

मधल्या काळात अजून बरंच काही चाललं होतं जे कार्डावर लिहिलेलंच नव्हतं कारण कुणी विचारलं नाही. जीभ सोलवटल्यासारखी लाल, तिखट तर सोडा पण गरम चहा पण झोंबायचा. हातापायाला मुंग्या, रात्री जास्त. जिना चढला की धाप, छातीत धडधड. आणि पाटीवरच्या पेन्सिली खायची. घरात सगळ्यांना ते डोहाळे वाटले, हसण्यावारी नेलं, जाऊबाई तर बाजारातून मुद्दाम पेन्सिलीची डबी घेऊन आल्या. माती, पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ असलं खावंसं वाटणं हे कितीतरी वेळा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, गरोदर बाईने असलं काही मागितलं तर डोहाळे पुरवायच्या आधी रक्त तपासा असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते. मातीतून परत जंत जातात पोटात ते वेगळंच.

२५ व्या आठवड्यानंतर डोळे थोडे पिवळसर दिसायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या कावीळ आहे, आणि एका गावात कावीळ उतरवून देतात तिथं नेलं पण, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवतात तो प्रकार. तेलकट बंद, हळद बंद, असं पथ्य लावलं. आधीच खाणं कमी त्यात अजून कमी.

सुदैवाने नऊ तारीख जवळ होती. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासून मिळतं. आशाताईंनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी जीभ बघितली, मग हात उलटे करून बोटांची पेरं बघितली. पेरं काळी पडलेली, नखाच्या मागचा भाग पण. सासूबाई म्हणाल्या उन्हात काम करते म्हणून. उन्हाने पेरं तेवढीच काळी आणि बाकी हात गोरा असं होत नाही. बी-१२ हे व्हिटॅमिन खूप कमी झालं की आपल्याकडच्या रंगाच्या माणसांत पेरांवर, कधी तळहातावर असे काळे डाग येतात, आणि हे लक्षण बघायला एक पैसा लागत नाही. मॅडमनी नसा बघायला ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा काटा, पायाच्या अंगठ्याला लावून कंप जाणवतो का विचारलं, कमी जाणवत होता. बीपी ११०/७०, लघवीत प्रोटीन नाही, बाळाचे ठोके आणि वाढ ठीक.

बीपी आणि लघवी बघण्याचं कारण म्हणजे गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर डोक्यात पहिल्यांदा लिव्हरचा विचार यायला पाहिजे. साधी कावीळ असू शकते, किंवा बीपी वाढून लिव्हर आणि प्लेटलेट बिघडण्याचा धोकादायक प्रकार असू शकतो, त्यात तास-दोन तास पण महत्त्वाचे असतात. म्हणून असं काही दिसलं तर उतरवायला नेण्यात दिवस घालवू नका. इथं ते नव्हतं ही नशिबाची गोष्ट.

मॅडमनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, स्मिअर म्हणजे काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, बी-१२, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, लिव्हरच्या तपासण्या आणि हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार ओळखणारा एचपीएलसी लिहून दिला. यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी दवाखान्यातून महालॅब या सरकारी तपासणी सेवेमार्फत फुकट होतात, पण नवरा दूध संघावर जाताना आमच्यावरूनच जातो म्हणून सॅम्पल आमच्याकडे आलं.

रिपोर्ट असा होता. हिमोग्लोबिन ८.४. लाल पेशी २.९ मिलियन. एमसीव्ही ८८. आरडीडब्ल्यू २१. पांढऱ्या पेशी ४,२००. प्लेटलेट १ लाख ३५ हजार.

ज्याला रिपोर्ट वाचायची सवय नाही तो एमसीव्ही ८८ बघून पुढे जाईल, कारण ८० ते १०० नॉर्मल आणि मशीनही त्याच्यापुढे लाल खूण करत नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, एमसीव्ही ८० च्या खाली जातो. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, १०० च्या वर जातो. आणि दोन्ही एकदम कमी असतील तर? तर काही पेशी लहान, काही मोठ्या आणि सरासरी एकदम छान. एक पोळी करपलेली आणि एक कच्ची, दोन्हींची सरासरी काढली तर पोळ्या व्यवस्थित भाजल्यात असंच निघणार. ही लबाडी आरडीडब्ल्यू पकडतो, तो पेशींच्या आकारात किती फरक आहे ते सांगतो, साधारण १४-१५ पर्यंत ठीक असतं, हिचा २१. आणि दुसरी शंका येण्यासारखी गोष्ट म्हणजे पांढऱ्या पेशी. गरोदरपणात त्या वाढलेल्या असतात, दहा-अकरा हजार सहज दिसतात, त्यामुळे रेंजमध्ये बसणारा ४,२०० हा आकडा गरोदर बाईत कमीच समजायचा. प्लेटलेट पण जरा कमी. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी म्हणजे रक्ताच्या कारखान्यातच, हाडांच्या मगजात, काहीतरी गडबड आहे.

स्लाईड आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी बघितली. बारक्या फिकट पेशी आणि त्याच्याच शेजारी मोठ्या अंडाकृती पेशी, आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या, एरवी तीन-चार असतात. ही पाकळ्यांची खूण बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडच्या कमतरतेची. फॉलिक ॲसिड ती कित्येक महिने रोज खात होती, म्हणून बोट बी-१२ कडेच.

नंतर आलेले आकडे, बी-१२ ११० पिकोग्रॅम, लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास. गरोदरपणात बी-१२ चा आकडा तसाही थोडा उतरतो म्हणून नुसत्या १८०-१९० वर कुणी धावपळ करू नये, पण ११० आणि सोबत जीभ, पेरं, मुंग्या, स्लाईड हे सगळं असताना शंका उरत नाही. फेरिटिन ९, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. बिलिरुबिन १.९, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, म्हणजे लाल पेशी फुटून येणारं, लिव्हरची एन्झाईम्स नॉर्मल. पिवळेपणाचं उत्तर इथं मिळालं, बी-१२ नसलं की अर्ध्या कच्च्या लाल पेशी हाडांच्या मगजातच फुटतात आणि त्यांच्यातून पिवळा रंग सुटतो, लिव्हर बिचारं ठणठणीत असतं. एचपीएलसी नॉर्मल म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक प्रकार नाही, सिकलसेल नाही. ही तपासणी गरोदरपणात एकदा झालीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आणि सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली घरांमध्ये थॅलेसेमिया जास्त दिसतो पण फक्त तिथंच असतो असं नाही. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच करायची, कारण दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता असते की बाळाला मोठा आजार असेल.

मग प्रश्न राहतो की लोहाच्या गोळ्या खाऊनही लोह का नाही वाढलं. ते तिच्याशी बोलताना सापडलं. दुसऱ्या वेळी रक्त घेताना मी सहज विचारलं, गोळ्या कधी खातेस गं? म्हणाली, ताई, सकाळच्या चहाबरोबर सगळ्या एकदम घेते, लोहाची एक आणि कॅल्शियमची एक, संध्याकाळी परत तसंच, विसरायला नको म्हणून. विसरू नये म्हणून लावलेली शिस्तच नडली. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियम पण लोहाच्या वाटेत येतं, दोन्ही एकत्र म्हणजे गोळीतलं थोडंच अंगी लागणार. कॅल्शियम आणि लोहात निदान दोन तासांचं अंतर पाहिजे, चहा लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर तरी नको. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल पण ओपीडीच्या गर्दीत पोचलं नसेल.

आणि बी-१२. घरात दोन गाई असून बी-१२ कमी कसं हा प्रश्न नवऱ्याने पण विचारला, जरा रागानेच. बी-१२ झाडपाल्यात नसतं, ते दूध, अंडी, मासे, मटण यातच मिळतं, म्हणजे माळकरी घरात दूध हाच एक मार्ग. गाईच्या एक पेला दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं आणि गरोदर बाईला दिवसाला अडीचच्या आसपास लागतं. तर दूध जातं कुठं? सकाळ-संध्याकाळ संघात. घरात राहतं ते चहापुरतं, तेही उकळून उकळून, त्यात थोडंफार बी-१२ अजून जातं. पोराला एक वाटी, सासऱ्यांना रात्री अर्धा पेला, सुनेला चहातलं. ताक असायचं पण पाणीच जास्त. वर गुरुवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावणात सोमवार, उपवासाला साबुदाणा. मी उपवासाच्या विरोधात नाही, माझ्या घरी पण होतात, पण गरोदर बाईने साबुदाण्यावर दिवस काढणं म्हणजे नुसती पिठूळ खिचडी खाऊन झोपणं. त्यात पहिलं पोर अजून अंगावर पीत होतं, ते १४ महिन्यांचं असतानाच दिवस राहिले, म्हणजे पहिल्या खेपेचीच तूट भरली नव्हती तोवर दुसरी चालू.

थोडं विषयांतर, पण मला हे प्रत्येक वेळी भारी वाटतं. गरोदर बायकांच्या या मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचं पहिलं मोठं काम आपल्या मुंबईतच झालंय. लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांचा अभ्यास केला, कारण या बायका ॲनिमियाने दगावत होत्या. काय खातात, काय परवडतं इथपासून सुरुवात केली आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायचं ते मार्माइट, हा ॲनिमिया बरा होतो हे १९३१ मध्ये छापलं. त्यात जो घटक होता त्याला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणायचे, तेच पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. आज गावागावात वाटली जाणारी लाल गोळी म्हणजे एका अर्थाने परळची देणगी. पण त्या गोळीत बी-१२ नाही. आणि पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या टीमने नव्वदच्या दशकापासून जो गरोदर मातांचा अभ्यास केला त्यात जवळजवळ दोन तृतीयांश मातांचं बी-१२ कमी निघालं होतं, फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र क्वचितच. पुढे २००८ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की आईचं बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड भरपूर असं असेल तर सहा वर्षांच्या वयात त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणजे पुढच्या डायबिटीसची वाट. म्हणजे आमची ही केस अजिबात दुर्मिळ नाही, दुर्मिळ होतं ते तपासणं.

फॉलिक ॲसिडबद्दल अजून एक. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड भरपूर मिळत राहिलं तर रक्त थोडंफार सावरल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान मात्र आतून चालू राहतं. म्हणून या बाईच्या मुंग्यांकडे गरोदरपणात होतंच असं म्हणून बघणं चुकीचं होतं. गरोदरपणात मनगटाची नस दबून हाताला मुंग्या येतात हे खरंय, पण त्या पायाला येत नाहीत.

उपचार. घरच्यांनी पहिल्यांदा विचारलं रक्त चढवायचं का, एका नातेवाइकाने तर रक्तपेढीत फोन पण लावला होता. मॅडमनी साफ नाही सांगितलं. ८.४ ला, बाळंतपणाला अजून तीन महिने असताना आणि कारण सापडलेलं असताना दुसऱ्याचं रक्त चढवायचं कारण नाही, ते ५ च्या खाली गेलं तर किंवा ७ च्या खाली असताना बाळंतपण तोंडावर आलं तर. आधी बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दंडात किंवा कमरेत, सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. लोह शिरेतून द्यायचं ठरलं, कारण २६ आठवडे झालेले, गोळ्यांच्या वेळा सुधारून वाट बघत बसण्याइतका वेळ नव्हता. हिशोब असा करतात की वजन ४८, ११ पर्यंत न्यायचं म्हणजे २.६ पॉईंट वाढवायचे, ४८ गुणिले २.६ गुणिले २.४ म्हणजे ३०० च्या आसपास आणि साठ्यासाठी ५०० वर, एकूण ८०० मिलिग्रॅम. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज सलाईनमध्ये घालून एकाच बैठकीत देता येतं, आयर्न सुक्रोज असेल तर २००-२०० करून एक दिवसाआड. हिला पहिलं दिलं. शिरेतलं लोह तिसऱ्या महिन्यापर्यंत देत नाहीत, आणि दिल्यावर निदान अर्धा तास समोर बसवून ठेवतात, क्वचित कुणाला रिॲक्शन येते म्हणून. घरी येऊन द्यायची गोष्ट नाही ही. आमच्या भागात काही कंपाउंडर घरी जाऊन लोहाचं सलाईन लावतात, अशा माणसाला दारातूनच परत पाठवा.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून जीभ कमी झोंबायला लागली, तिला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद, म्हणाली किती दिवसांनी ठेचा खाल्ला. आठवड्याने रेटिक्युलोसाईट म्हणजे नव्या कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, याचा अर्थ कारखाना चालू झाला. पेन्सिली आपोआप सुटल्या. २९ आठवड्यांना एचबी ९.७, ३३ ला १०.८, ३७ ला ११.३. प्लेटलेट दोन लाखांवर, डोळे स्वच्छ. पायाच्या मुंग्या जायला मात्र बराच वेळ लागला, नसा सावकाश सुधारतात.

खाण्याबद्दल मॅडमनी अंडी खा असं एकदाही म्हटलं नाही, ते मला फार आवडलं. माळ काढायला सांगणाऱ्या डॉक्टरचं गावात पुढचं पण कुणी ऐकत नाही. त्यांनी सरळ सासऱ्यांना बोलावून सांगितलं, दादा, सकाळच्या धारेतलं अर्धा लिटर दूध संघात घालायचं नाही, सुनेला द्यायचं, दही-पनीर काही करा पण तिच्याच पोटात गेलं पाहिजे. सासरे म्हणाले, एवढंच ना. आणि खरंच ठेवायला लागले. सासूबाईंनी सुरुवातीला कुरकुर केली, आमच्या वेळी कुठं होत्या इंजेक्शनं, तरी झालीच की पाच बाळंतपणं. नंतर बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं की पाचातली दोन पोरं राहिली नाहीत. त्या दिवसानंतर दुधाचा पेला त्याच भरायला लागल्या.

बाकी लोहासाठी मेथी, चवळी, मटकी, हरभरा, अळिवाचे लाडू, नाचणी-बाजरी, आणि भाजीवर लिंबू पिळून, कारण लिंबातल्या सी व्हिटॅमिनने लोह जास्त शोषलं जातं. बीट आणि डाळिंबाबद्दल लोकांची फार श्रद्धा आहे, लाल म्हणजे रक्त असं काहीतरी. खा, चांगलंच आहे, पण ८ वरचं एचबी बीटने ११ होत नाही. गुळाचंही तेच.

आता पहिल्या मुलाकडे येते, कारण या केसमधला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. आईचा बी-१२ रिपोर्ट बघून मॅडमनी विचारलं, मोठं बाळ कसं आहे? २० महिन्यांचं पोर अजून धरून उभं राहायचं, चालत नव्हतं. हसणं कमी, केस विरळ आणि तांबूस, आणि पेरं आईसारखीच काळी. घरात त्याला शांत बाळ म्हणायचे, अजिबात त्रास देत नाही म्हणून कौतुक. बी-१२ कमी असलेल्या आईच्या दुधात पण बी-१२ कमीच असतं, आणि वर्षभर अंगावरच पिणारं, वरचं नीट न खाणारं बाळ असेल तर त्याची वाढ मागे पडते, शिकलेल्या गोष्टी विसरायला लागतं, काहींना हातापायाला थरथर सुटते. त्याचंही रक्त तपासलं, कमीच निघालं, बालरोगतज्ज्ञांनी इंजेक्शनं चालू केली आणि वरचं खाणं नीट लावून दिलं. दीड-दोन महिन्यांत चालायला लागलं आणि आता घर डोक्यावर घेतं. पण सगळ्याच मुलांमध्ये उशीर पूर्ण भरून निघतो असं नाही, म्हणून सहा महिन्यांनंतरही डॉक्टरांकडे त्याची वाढ बघून घ्यायचं ठरलंय.

बाळंतपण ३९ आठवड्यांना सरकारी दवाखान्यातच, नॉर्मल, मुलगी, २.८ किलो. बाळ बाहेर आल्या आल्या आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं म्हणजे रक्तस्राव कमी होतो, आणि नाळ लगेच न कापता थोडा वेळ थांबले, तेवढ्यात वारेत राहिलेलं बाळाचंच थोडं जास्त रक्त त्याला मिळतं आणि पुढच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो. रक्तस्राव बेताचा झाला. ११.३ वर असलेली बाई तेवढं सहज सोसते, ८ वर असती तर तेवढ्याच रक्तस्रावात पांढरी पडली असती, बाळंतपणात ॲनिमियाची खरी भीती हीच असते.

घरी गेल्यावर बाळंतपणाच्या आनंदात गोळ्या सुटतात हे नेहमीचं. लोहाची गोळी नंतरही १८० दिवस घ्यायची असते, आशाताईंनी त्यांच्या वहीत लिहून ठेवलंय. बी-१२ ची गोळी ती दूध पाजतेय तोवर तर चालूच आणि माळकरी खाणं आहे म्हटल्यावर नंतरही. चहा आता लोहाच्या गोळीनंतर दोन तासांनी, घड्याळ बघून. आणि तिसरं लगेच नको म्हणून तिने स्वतःच विचारलं. तांबीबद्दल चर्चा झाली, पण तांबीने काहींना पाळीत जास्त जातं आणि हिच्या रक्ताचा इतिहास असा, म्हणून मॅडमनी दीड महिन्यानंतर अंतरा नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन सुचवलं, तीन महिन्यांनी एकदा, दूध पाजणाऱ्या आईला चालतं आणि सरकारी दवाखान्यात फुकट. पहिला डोस झालाय. जाऊबाईंचं सीबीसी गेल्या आठवड्यात आलं, एमसीव्ही ९१ आणि आरडीडब्ल्यू १९, त्यांचंही बी-१२ पाठवलंय.